सतरावं नाव

मित्रांनो, लासुर्ण्यात साखर कारखान्याचं गट ऑफिस आहे. त्याच्या खिडकीपासून दहा पावलांवर एक लोखंडी खांब उभा आहे. थोडा कललेला, डोक्याकडून गंजलेला आणि कमरेपर्यंत जाहिरातींचे कागद चिकटवलेला. तो मी. टेलिफोनचा खांब. माझ्या वयाचे खांब बोलायला लागले की पाखरांबद्दल आणि वाऱ्याबद्दल गोड गोड सांगतात. माझ्याकडून तसलं काही ऐकायला मिळणार नाही. मला राग आला आहे. दोन वर्षं झाली, तो उतरलेला नाही.

तरी रीत म्हणून जन्मापासून सांगतो. मी एका कारखान्यात नळीच्या रूपानं जन्मलो. दौंडहून रेल्वेनं बारामतीला उतरलो आणि तिथून बैलगाडीत आडवा पडून इथं आलो. चार माणसांनी कमरेएवढा खड्डा घेऊन मला उभा केला. माझ्या खांद्यावर चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या बसवल्या आणि त्यांच्यावरून तारा ओढल्या. त्या दिवशी गावानं माझ्यापुढं नारळ फोडला. मला वाटलं, आपण फार मोठे झालो. नारळ फोडणं या भागात फार सोपं असतं, हे मला पुढं कळलं.

माझ्या तारांमधून पंचवीस वर्षं सगळं गेलं. बारामतीच्या मार्केट यार्डातले गुळाचे भाव, वालचंदनगरच्या क्वार्टर्समधल्या नोकरदारांचे निरोप, बाळंतपणं, मयती, सोयरिकी. मी सगळं ऐकलं आणि कुणाचं कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतो आहे, कारण गप्प राहून मी एका माणसाचं वाटोळं होताना पाहिलं.

त्या माणसाचं नाव बिरदेव. याच गावचा. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. वडिलांनी मेंढरं विकून दोन एकर ऊस लावला आणि पोराला बारामतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायला पाठवलं. डिप्लोमा होऊन बिरदेव गावी आला आणि गट ऑफिसात रोजंदारीवर संगणक चालवायला लागला. रोजंदारीवर म्हणजे आज काम आहे, उद्याचं उद्या. अशी त्यानं सात वर्षं काढली.

गट ऑफिसचं मुख्य काम म्हणजे ऊसतोडीची यादी. ज्यानं आधी उसाची लागण केली, त्याचा ऊस आधी तुटायचा, असा नियम. पण यादी कारखान्यावर तयार व्हायची आणि जीपमधून इथं यायची. तेवढ्या वाटेत तिला दोन-तीन दिवस लागायचे, आणि वाटेत कोण कोण तिला हात लावायचं ते मला विचारू नका. तळाचं नाव वर यायचं, वरचं तळाला जायचं. ज्याचं नाव खाली गेलं त्याचा ऊस रानात वाळायचा.

मग कारखान्यानं ठरवलं की यादी फोनच्या तारेवरून एका संगणकातून दुसऱ्या संगणकात पाठवायची. पुण्याहून साहेब आले, यंत्रं बसली, आणि यादी काही येईना. आली तरी अर्धी यायची, निम्मी नावं अक्षरओळख नसलेल्यानं लिहिल्यासारखी. साहेब म्हणाले, तार खराब आहे. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले. मी खराब नव्हतो. कालव्याच्या काठानं दोन-अडीचशे पाण्याच्या मोटारी आहेत. वीज आली की त्या एकदम सुरू होतात आणि माझ्या तारेत असा खरखराट होतो की त्यात माणसाचं बोलणं टिकत नाही, तिथं यादीची काय कथा. साहेबांनी ते विचारलंच नाही. चहा पिऊन निघून गेले.

बिरदेवनं विचारलं. मलाच विचारलं म्हणा ना. तो रोज फोन कानाला लावून बसायचा आणि खरखर कधी सुरू झाली, कधी थांबली, ते वहीत लिहायचा. असं त्यानं चार महिने केलं. मग सायकल काढून कालव्यानं फिरला आणि कुणाची मोटार कधी सुरू होते ते लिहून आणलं. त्याच्या मदतीला बारामतीच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या द्वारकाबाई होत्या. त्यांनीच त्याला डिप्लोमाला शिकवलेलं. दर रविवारी एस.टी.नं यायच्या, डबा सोडायच्या, आणि दोघं कागदांवर डोकं लावून बसायची.

शेवटी त्यांना जे सापडलं ते ऐका. लोडशेडिंगमध्ये वीज गेली की सगळ्या मोटारी बंद, आणि माझी तार धुतलेल्या पाटीसारखी स्वच्छ. पण वीज गेली की ऑफिसचा संगणकही बंद, म्हणून सगळे त्या वेळी हातावर हात ठेवून बसायचे. बिरदेवनं ट्रॅक्टरची बॅटरी आणली. तिच्यावर संगणक चालेल असं यंत्र स्वतः बांधलं. द्वारकाबाईंनी आणि त्यानं मिळून असा प्रोग्रॅम लिहिला की यादीचे लहान लहान तुकडे व्हावेत, प्रत्येकाला नंबर असावा, पलीकडून पोच यावी, आणि जो तुकडा वाटेत बिघडला तेवढाच पुन्हा जावा. शिवाय ते यंत्र रोजची खरखर ऐकून शिकायचं आणि स्वच्छ वेळेची वाट बघत थांबायचं. जगात सगळे वीज असताना काम करतात. या दोघांनी वीज नसतानाचा वेळ कामाला लावला.

१९९६ च्या गळीत हंगामात पहिली पूर्ण यादी अकरा मिनिटांत आली. बिरदेवनं ती छापून भिंतीवर चिकटवली. लोकांनी नावं वाचली, कारखान्यावर लावलेल्या यादीशी ताडून पाहिली, आणि एकही नाव हललेलं नव्हतं. पुढच्या दोन महिन्यांत बारामती आणि इंदापूर तालुक्यातली नऊ गट ऑफिसं अशीच जोडली गेली. त्या हंगामात माझ्या तारेतून जी शिस्त गेली, तशी आधी कधी गेली नव्हती. मी आयुष्यात एकदाच गर्वानं ताठ उभा राहिलो, तो तेव्हा.

आता रागाकडं येतो.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत द्वारकाबाई वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आल्या. पुण्यातल्या एका संस्थेनं संगणकांची जाळी प्रत्यक्ष कामात आणणाऱ्या संशोधकांसाठी पारितोषिक ठेवलं होतं. मानपत्र होतंच. पण खरी गोष्ट वेगळी होती. ज्याचं नाव पहिलं, त्याला संस्थेच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं संशोधनाची जागा. शिक्षणाची अट नाही, डिप्लोमा असला तरी चालेल. वयाची अट मात्र पस्तीसच्या आत. बिरदेवला जूनमध्ये पस्तीस पूर्ण होणार होती. म्हणजे ह्या वर्षी, नाहीतर कधीच नाही. डिप्लोमावाल्या रोजंदारीच्या माणसाला असलं दार दुसरीकडं कुठं उघडणार होतं?

एक नियम होता. स्वतःचं नाव स्वतः पाठवायचं नाही. ज्या संस्थेत काम झालं, तिनं संशोधकांची शिफारस करायची. म्हणजे गटाच्या सल्लागार समितीनं. समितीचे अध्यक्ष सर्जेराव आबा, सत्तरीचे, फेटा बांधणारे, मनानं वाईट नाहीत. आणि लिहिणार कोण, तर ऑफिसचे हेडक्लार्क मानसिंगराव.

मानसिंगरावांचं अक्षर मोत्यासारखं. पाच गावांच्या लग्नपत्रिका तेच लिहून द्यायचे. कुणाचं नाव कुठं घालायचं, कोण कुणावर रुसलंय, कुणाला विसरलं तर मांडवात भांडण होईल, हे त्यांना तोंडपाठ. द्वारकाबाईंनी कामाची आठ पानं स्वतः लिहून दिली. फक्त नावांचं पान कोरं ठेवलं, कारण ते शिफारस करणाऱ्यानंच भरायचं होतं. जाताना बाई बजावून गेल्या, "मानसिंगराव, दोनच नावं. पहिलं बिरदेवचं, दुसरं माझं. खालची सूचना वाचा." मग त्या परीक्षेच्या कामाला बारामतीला गेल्या.

खालची सूचना अशी होती : ज्याचं काम जास्त त्याचं नाव आधी, आणि पहिल्या तीन नावांचाच विचार होईल. मानसिंगरावांनी ती वाचली. मी खिडकीतून पाहिलं, चष्मा लावून वाचली. आणि मग म्हणाले, "दोनच नावं? उघडीबोडकी दिसती पत्रिका. भाऊबंदकीत वाद हाय असं वाटतंय बघणाऱ्याला."

तिथूनच सगळं बिनसलं. कागदाच्या माथ्यावर त्यांनी श्री काढला. पहिलं नाव सर्जेराव आबांचं. दुसरं उपाध्यक्षांचं. तिसरं, मित्रांनो हसू नका, समितीच्या आधीच्या अध्यक्षांचं, कैलासवासी लावून. ते गृहस्थ ऑफिसात संगणक यायच्या चार वर्षं आधी वारले होते. पण त्यांना विसरलं असतं तर त्यांची मुलं बोलली असती. मग संचालक, मग शेतकी अधिकारी, मग जीपमालक, मग ज्यानं बॅटरी दिली तो ट्रॅक्टरवाला. सोळावं नाव द्वारकाबाईंचं. सतरावं बिरदेवचं.

बिरदेव तिथंच उभा होता. त्यानं कागद वाचला. मी वाट बघत होतो की आता हा तोंड उघडेल.

"तुला शेवटी घातलाय, राग मानू नको," मानसिंगराव म्हणाले. "तू घरचा माणूस. पंगतीत घरच्यांनी शेवटी बसायचं असतंय."

"बरोबर हाय की," बिरदेव म्हणाला. "मोठी माणसं म्होरं पायजेत. मला चालतंय."

मला चालतंय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि माझ्या तळपायापासून मस्तकापर्यंत अंतर काही कमी नाही. अरे, ही लग्नपत्रिका नाही. पुण्यात कुणी पंगतीला बसलेलं नाही. चार महिने फोन कानाला लावून तू बसलास, का कैलासवासी बसले होते?

शेवटची तारीख होती म्हणून कागद फॅक्सनं पाठवला. फॅक्स म्हणजे तुमच्यासाठी कागद. माझ्यासाठी ते माझ्या अंगावरून जाणारं एकेक अक्षर. सतरा नावं माझ्याच तारेतून गेली. एरवी माझ्या तारेत किती खरखर, किती घोळ. त्या दिवशी दुपारी वीज नव्हती, फॅक्सचं यंत्र बिरदेवच्याच बॅटरीवर चाललं. एकही अक्षर बिघडलं नाही, सगळं स्वच्छ पोचलं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या दिवशी मला वादळात मोडून पडायला आवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंचा फोन आला. मानसिंगरावांनी मोठ्या कौतुकानं सतरा नावं वाचून दाखवली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मानसिंगराव, तुम्ही खालची सूचना वाचली होती ना?"

"वाचली की मॅडम. पण आपली काय रीत हाय का न्हाय?"

बाईंनी संस्थेला फोन केला, पत्र लिहिलं. वरातीमागून घोडं. संस्थेचं उत्तर एकच, शिफारस समितीनं केली आहे, आम्ही समितीचा शब्द मानतो. महिन्यानं मुलाखतीचं बोलावणं आलं. तिघांना. त्यातल्या एकाला बोलवायचं तर वैकुंठाला पत्र पाठवावं लागलं असतं.

सर्जेराव आबा आणि उपाध्यक्ष जीपनं पुण्याला गेले. यंत्र कसं चालतं ते दाखवायला बिरदेवला बरोबर घेतलं. परत आल्यावर माझ्या बुंध्याशी बसून उपाध्यक्षांनी जे सांगितलं, ते मी ऐकलं. नाव असलेल्यांनाच आत सोडलं. बिरदेव बाहेर बाकावर ट्रॅक्टरची बॅटरी मांडीवर घेऊन बसला. आत तीन प्राध्यापकांनी आबांना विचारलं, तारेतली खरखर तुम्ही मोजली कशी? आबा म्हणाले, "ते आमचं पोरगं करतंय. बाहीर बसलंय." प्राध्यापकांनी एकमेकांकडं पाहिलं आणि आभार मानले. बाहेर कोण बसलंय ते उठून बघावं असं एकालाही वाटलं नाही. शिकलेली माणसं. दाराची कडी काढायला किती शिक्षण लागतं?

आठ दिवसांनी पत्र आलं. ज्यांची शिफारस केली त्यांना कामाची माहिती नाही, म्हणून शिफारस रद्द.

द्वारकाबाईंनी रजा टाकली आणि थेट पुण्याला गेल्या. काय भांडल्या ते मला ठाऊक नाही, पण एक गोष्ट मिळवून आल्या. शुक्रवारी अकरा वाजता निवड समिती बसणार होती. समिती इथं फोन करील आणि बिरदेवला एकच प्रश्न विचारील, काम कोणी केलं? त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. समितीचं समाधान झालं तर नावं बदलून घेतील. बिरदेवला त्यांनी निरोप दिला, "दोन शब्द बोलायचेत. मी केलं. पाठ करून ठेवा."

शुक्रवारी बाई सकाळच्या एस.टी.नं आल्या. मानसिंगराव होते. आणि सर्जेराव आबाही आले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. त्यांना मनात लागलं होतं. फोनशेजारच्या खुर्चीत ते काठीवर हात ठेवून बसले. अकरा वाजून पाच मिनिटांनी घंटी वाजली.

"बिरदेव बोलताय? हे काम नेमकं कोणी केलं?"

बिरदेवनं तोंड उघडलं. मग त्याची नजर शेजारी गेली, आबांच्या फेट्यावर. मला तारेतून त्याचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणत होतो, बोल. बोल रे बाबा. मी सगळं पोचवतो, तू फक्त बोल.

"आमी समद्यांनी मिळून केलं, साहेब," तो म्हणाला. "आबांच्या आशीर्वादानं."

"तुमचा स्वतःचा वाटा काय?"

"माझं काय न्हाय. मी आपला हितं असतो."

"ठीक आहे. धन्यवाद." आणि फोन बंद झाला.

द्वारकाबाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि लगेच परत लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं, समिती पुढच्या शिफारशीकडं गेली आहे. बाईंनी फोन ठेवला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बिरदेव, आयुष्यात मला कुणाचा एवढा राग आला नव्हता."

"मॅडम, आबा शेजारी बसलं हुतं," तो खाली बघत म्हणाला. "त्यांच्या देखत मी केलं असं कसं म्हणू?"

सर्जेराव आबांनी मान वर केली. ते खरंच गोंधळले होते. "म्हण की लेका," ते म्हणाले. "मी कुठं न्हाय म्हटलं हुतं? मला तर पुण्यात त्यांनी इच्चारल्यावर लाज वाटली. मी आज आलो ते तू म्हणशील ते ऐकायला."

मानसिंगराव टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिले.

म्हणजे पाहा, मित्रांनो. आडवं कोण आलं होतं? कुणीच नाही. चोर असता तर पकडला असता, दुष्ट असता तर शिव्या दिल्या असत्या. इथं सगळी चांगली माणसं होती. एकानं मान राखला, दुसऱ्यानं मान घेतला, तिसऱ्यानं मान खाली घातली, आणि तिघांत मिळून एका माणसाची दोन वर्षं आणि पुढचं सगळं आयुष्य पाण्यात गेलं. मला याचाच राग येतो. वाईट माणसांचा राग करून मोकळं होता येतं. ह्यांचा राग कुठं ठेवायचा?

जूनमध्ये बिरदेवला पस्तीस पूर्ण झाली. पावसाळ्यानंतर गटाच्या समितीनं त्याचा सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला. तो दोन्ही घेऊन घरी गेला. गेल्या वर्षी कारखान्यानं ऑफिसच्या छपरावर उपग्रहाची तबकडी बसवली, यादी आता आभाळातून येते. ती बसवायला आलेल्या कंपनीच्या माणसांनी बिरदेवला बाहेरच्या ओट्यावर थांबायला सांगितलं. माझ्या दोन तारा कापल्या, एक उरली आहे. माझ्यावर सर्कशीची जाहिरात आहे आणि कुणीतरी तिच्यावर बोकड विकायचा कागद लावला आहे.

गोष्टीच्या शेवटी माझ्यासारख्यांनी म्हणायचं असतं, आम्हाला जपा, रंग द्या, कागद चिकटवू नका. माझं असलं काही मागणं नाही. मी लोखंड आहे, गंजणारच. मागणं एवढंच की तुमच्या शाळेत, गावात, ऑफिसात कुणाच्या कामाची शिफारस करायची वेळ आली, तर ज्यानं काम केलं त्याचं नाव पहिल्या ओळीत लिहा. मोठ्यांना नमस्कार करायला दुसरे कागद पुष्कळ असतात. मोठे झालात तर दार उघडून बाहेर कोण बसलंय ते बघा. आणि काम तुम्हीच केलं असेल आणि कुणी विचारलं, तर शेजारी कोणीही बसलेलं असो, मी केलं म्हणा. त्यात उद्धटपणा नाही, ते नुसतं खरं आहे.

बिरदेवला ते एकदा विचारलं होतं. त्यानंतर त्याला कुणी विचारलेलं नाही.